हायलक्सची उंची वाढवली: देवास नाक्याजवळील कार्यशाळा

टोयोटा हायलक्स या पिकअप गाडीला दोन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट (चाकांच्या तुलनेत गाडीचा सांगाडा वर उचलणारा बदल) आणि 265/60 आर18 ऐवजी 265/65 आर18 मापाचे, थोडे उंच टायर बसवण्याचे काम मी इंदूरमध्ये देवास नाक्याजवळच्या एका कार्यशाळेत करून घेतले. मागच्या अ‍ॅक्सलखालची (चाके जोडणाऱ्या दांड्याखालची) मोकळी जागा लिफ्टने नव्हे, तर केवळ टायरमुळे, म्हणजे जेमतेम 13 मिलिमीटरने वाढते आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा सुमारे 3 टक्के कमी वेग दाखवतो, हे मिस्त्रींनी काम घेण्याआधीच स्पष्ट सांगितले. असा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे त्यांनी पाहिले आणि चाकांची अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केल्याशिवाय गाडी सोडली नाही. हेडलाइटचा झोत खाली करण्याचे काम मात्र आठवण दिल्यावरच झाले. सिमरोळच्या घाटात वळणावर गाडी आता थोडी अधिक झुकते, म्हणून वेग कमीच ठेवावा.