लॉगटेन : दीड वर्ष वापरल्यावर

लॉगटेन हे पायलटच्या लॉगबुकाचं, म्हणजे उड्डाणांचे तास नोंदवायचं ॲप. पण बारामतीला सीपीएलचं (व्यावसायिक पायलट परवान्याचं) ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा फोनवर जे पहिलं फुकटचं लॉगबुक ॲप दिसलं तेच घेतलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्यापायी जे निस्तरावं लागलं, ते सांगितल्याशिवाय मला लॉगटेन का आवडतं ते कळणार नाही.

ते ॲप वेळ दशांशात साठवायचं, तोही एकच आकडा. 1 तास 20 मिनिटांचं उड्डाण भरलं की 1.3 व्हायचं, म्हणजे 1 तास 18 मिनिटं. 50 मिनिटांचं 0.8, म्हणजे 48. ट्रेनिंगमधली माझी बरीचशी उड्डाणं याच दोन मापांची. उलट बारामतीहून क्रॉस-कंट्रीला (एका विमानतळावरून लांबच्या दुसऱ्यावर जायच्या उड्डाणाला) सोलापूरला आले तेव्हा 1 तास 5 मिनिटं लागली होती, ती 1.1 झाली, म्हणजे एक मिनिट वाढलं. ज्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून लहानपणी विमान कधी दिसतंय याची वाट बघायचे, त्याच होटगी रोडच्या धावपट्टीवर स्वतः विमान उतरवलं, आणि नेमकी तीच ओळ चुकीची.

सुट्टीत घरी आले तेव्हा संस्थेच्या उड्डाण-नोंदींच्या झेरॉक्स सोबत होत्या. अप्पांचं चाटी गल्लीत चादरींचं दुकान आहे, आणि जीएसटीचं सगळं संगणकावर असलं तरी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, ते अजून हातानं लिहितात. दुकान वाढवल्यावर दोन रात्री आम्ही बैठक मारली. ते झेरॉक्सवरून वाचायचे, मी ॲपमधल्या ओळीवर खूण करायची. 168 ओळी झाल्या. जमा-वजा होऊन ॲपमध्ये 1 तास 26 मिनिटं कमी भरली. मी म्हटलं, कमीच आहेत, चालतंय की. अप्पांनी पेन खाली ठेवलं. "कमी पडलं ते तुझं नुकसान, बाळ. पण या सोलापूरच्या ओळीत जास्त पडलंय, ते खोटं लिहिणं झालं." दुसऱ्या दिवशी लॉगटेन घेतलं.

लॉगटेनमध्ये वेळ तास-मिनिटांत ठेवता येते, बेरीजही तशीच लागते. माझ्यासाठी निम्मा निर्णय इथंच झाला. दुसरी गोष्ट यूटीसी, म्हणजे विमानाच्या नोंदींत वापरतात ती जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. सकाळी 6:40 चं उड्डाण यूटीसीत 01:10 ला पडतं, इथवर ठीक. पण पहाटे 5 ला निघालात तर यूटीसीत आदल्या दिवसाचे 23:30 वाजलेले असतात, तारीखच बदलते. हे डोक्यात करायला गेलं की एक ना एक दिवस चूक होतेच. सेटिंगमध्ये एकदा यूटीसी निवडलं की ती कटकट मिटते. विमानतळांचे कोड आयसीएओचे (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे) भरते, सोलापूर म्हणजे व्हीएएसएल.

सीपीएलसाठी एकूण 200 तास लागतात, त्यातले 100 पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले), त्यांत 20 क्रॉस-कंट्री. शिवाय 10 तास इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता उपकरणांवरून उडवायचे), 5 तास रात्रीचे. प्रत्येकाचा रकाना वेगळा ठेवला तर किती उरले ते रोज समोर दिसतं. फक्त एक, रात्रीचे तास ॲप आपोआप काढतं, त्यावर डोळे झाकून विसंबू नका. रात्र कुठून मोजायची ते सेटिंगवर ठरतं. मी ते तास इन्स्ट्रक्टरला विचारून हातानं भरते.

आता उणं काय ते. आयफोन, आयपॅड किंवा मॅक नसेल तर विषयच संपला, अँड्रॉइडवर हे चालत नाही. वर्षाचं शुल्क आहे, आणि ट्रेनिंगच्या खर्चात कर्ज काढलेल्या घराला तेही जाणवतं. माझा आयपॅड चुलतभावानं दिलेला जुना आहे, म्हणून जमलं.

आणि एक गैरसमज नको. हे ॲप म्हणजे नियमातलं लॉगबुक नव्हे. विमान नियम 1937 मधला नियम 67-अ पायलटच्या लॉगबुकाबद्दल आहे. इन्स्ट्रक्टरबरोबर केलेल्या उड्डाणांवर त्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि शेवटच्या नोंदीनंतर निदान 5 वर्षं ते जपून ठेवावं लागतं. परवाना देणाऱ्या डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) काम ईजीसीए या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर चालतं. माझे तास तिथं वेगळे भरले आणि संस्थेनं ते प्रमाणित केले. लॉगटेनमध्ये स्क्रीनवर इन्स्ट्रक्टरची सही घेता येते, ती मला उपयोगी पडली, पण तेवढ्यावर भागलं नाही. अप्पांच्या भाषेत, लॉगटेन ही माझी खतावणी, कीर्दीवरून खातेवार उतरवलेली वही. कीर्द दुसरीकडं आहे, आणि दोन्ही जुळल्याच पाहिजेत.

म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी संस्थेची नोंद, ईजीसीए आणि लॉगटेन तिन्ही समोर घेऊन बसते. अर्धा तास पुरतो. तीन महिन्यांनी पीडीएफ काढून प्रिंट घेते. मागच्या वेळी अप्पा ते कागद नवी पेठेतल्या त्यांच्या बाइंडरकडं घेऊन गेले आणि वह्यांना बांधतात तसं लाल कापडात बांधून आणलं. सोलापूरची ओळ 31 व्या पानावर आहे, 1:05.