पाणंदीत टाकलेला चुना: 24 शेतकऱ्यांची फसवणूक

आमच्या शिवारातली पाणंद 600 मीटरची. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात गाडीचं चाक आसापर्यंत रुततं आणि सोयाबीनची पोती डोक्यावरून आणावी लागतात. दोनदा मुरूम टाकला, दोन्ही वेळा काळीनं तो गिळला. म्हणून 2023 च्या उन्हाळ्यात एक माणूस "खडी-मुरूम काही नको, चुन्यानं मातीच पक्की करून देतो" म्हणत आला, तेव्हा 24 जणांनी प्रत्येकी 10 हजार रुपये काढले.

पद्धत खोटी नाही, हे आधी सांगतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात कळीचा किंवा विरलेला चुना मिसळला, की चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या बारीक कणांना धरतं आणि मातीचा चिकटपणा, फुगणं कमी होतं. पुढच्या काही आठवड्यांत ती हळूहळू घट्टही होत जाते. त्या माणसानं हेच सांगितलं. वर देवळाच्या पारावर दोन ग्लास ठेवून दाखवलं: आपल्या काळीचं ढेकूळ पाण्यात पाच मिनिटांत विरघळलं, त्याच्याकडचं चुना मिसळलेल्या मातीचं ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसंच. त्या ढेकळात खराच चुना होता. आम्हाला आलेल्या गोण्या वेगळ्या होत्या.

काम दीड दिवसात उरकलं. भुकटी पसरली, रोटाव्हेटरचा एक फेरा, टँकरचं पाणी, रोलर. "उद्यापासून ट्रॅक्टर घाला," म्हणाला. जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसात पाणंदीचा पुन्हा राडा झाला. फोन आधी वाजायचा, मग बंदच लागायला लागला.

माझा भाचा सिव्हिल शिकतो. तो सुट्टीला आला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, गोण्या किती आल्या होत्या?" नव्वद. त्यानं वहीवर मांडलं: 600 मीटर लांब, 3 मीटर रुंद, अर्धा फूट खोल म्हणजे साधारण 270 घनमीटर माती. घनमीटरला दीड टन धरलं तर 400 टन. चुना साधारण 3 ते 8 टक्के लागतो, आमच्यासारख्या मातीला 5 धरला तरी 20 टन. म्हणजे 50 किलोच्या 400 गोण्या! आम्ही गोण्या मोजून घेतल्या होत्या, पण किती लागतात हे चोवीस जणांत एकानंही विचारलं नव्हतं. याची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

आणि त्या नव्वदांतही चुना नव्हता. तीन गोण्या उरल्या होत्या. आईनं त्यातली चिमूटभर भुकटी ओल्या हळदीत कालवली. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. इथं हळद पिवळीच राहिली. भाच्यानं वर लिंबू पिळलं तर फसफसून फेस आला. चांगल्या चुन्याला असा फेस येत नाही, दगडाच्या भुकटीला किंवा हवेत पडून मेलेल्या चुन्याला येतो. असली भुकटी मातीत कितीही घाला, माती फुगायची थांबत नाही.

मातीही त्यानं घरीच तपासली. चाळलेली वाळकी माती 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, 10 ग्रॅम पाण्यात, काचेच्या मापात एक दिवस ठेवली. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तिथं ती 10 मिलीवर बसली, पाण्यात 18 वर गेली. म्हणजे 80 टक्के फुगणारी. खरा चुना असता तरी अशा मातीत एका फेऱ्यानं तो नीट मिसळत नाही, ढेकळं फुटेपर्यंत फिरवावं लागतं. दाबल्यावर आठवडाभर ओल धरून ठेवावी लागते, वाहनं बंद. वरून मुरमाचा किंवा खडीचा थर लागतोच, आणि दोन्ही बाजूंना चर. "खडी-मुरूम नको" हे ऐकताच आम्ही उठून जायला हवं होतं.

पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे बहुतेक रोख दिलेले, लेखी करार नाही, वजनकाट्याची पावती नाही. दोघांनी मोबाइलवरून पाठवलेले 20 हजार एवढाच पुरावा. उरलेल्या तीन गोण्या मी गोठ्यात कोरड्या जागी ठेवल्यात. तुमच्या गावात असा कोणी आला, तर गाडी आधी काट्यावर न्या, गोण्या उतरताना मधली एक फोडा आणि घरातून हळद मागवा. त्यानं स्वतः पुढे केलेली गोणी तपासू नका.