इमलील की आयत बुगेमेझ?

मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलास पर्वतरांगेतली अमाझिग लोकांची गावं ('बर्बर' हे त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव) पाहायची तर आधी हाताशी दिवस किती ते मोजा.

दोनच असतील तर इमलील हे गाव. मराकेशहून साधारण ६५ किमी, दीड तास. शेअर टॅक्सी सहा प्रवासी भरले की सुटते. थेट मिळाली नाही तर अस्नीला बदला. मात्र ४,१६७ मीटरच्या तुबकाल शिखरामुळे इथे वर्दळ ट्रेकर्सचीच. शिखराच्या वाटेवर गाइड सक्तीचा, चौकीवर पासपोर्टही तपासतात.

चार-पाच दिवस असतील तर डोळे झाकून आयत बुगेमेझचं खोरं. मराकेशहून अझिलाल शहरामार्गे चार-पाच तास मोडतात, पण खोऱ्याचा तळ सपाट. सफरचंद-अक्रोडाच्या बागांमधून गावोगाव पायी फिरता येतं. टेकडीवरचं सीदी मूसाचं गोल धान्यकोठार चुकवू नका: जाड भिंती, अंधारं आतलं दालन, कुटुंबागणिक वेगळा कप्पा. खोऱ्यातल्या ताबांत गावाचा आठवडी बाजार रविवारी. रोकड अझिलालमध्येच काढून घ्या. हिवाळ्यात बर्फाने घाट अडतो, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे आधीच बजावावं. भाज्यांनी झाकलेल्या ताजिनच्या (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या पदार्थाच्या) तळाशी बहुधा मांस असतं.