सफारीसाठी लेन्स: १००-५००, २००-६०० की मोठा प्राइम?

सफारीची तारीख ठरली की लेन्सचा विषय निघतो, आणि बोलणं लगेच ‘किती लांबचं दिसेल’ यावर येऊन थांबतं. ५०० पुरेल का, की ६०० हवी, की सरळ ८००? (हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. प्राइम म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स.) माझं ठाम मत असं, की सफारीची लेन्स निवडताना ती कुठे संपते यापेक्षा कुठून सुरू होते हे आधी बघावं.

सफारीत आपण गाडीत बसलेले असतो. बहुतेक ठिकाणी खाली उतरता येत नाही, गाडी रस्ता सोडू शकत नाही, आणि जनावर त्याच्या मर्जीने येतं. दोन पावलं मागे सरकायची सोय नसल्यामुळे अंतराचा सगळा हिशेब झूमवर येऊन पडतो.

हा हिशेब कागदावर करून बघता येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला फोकल लेंग्थने भागायचं आणि जनावराच्या अंतराने गुणायचं, की फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. ६०० मिलिमीटरवर ३० मीटर लांबच्या जागेची १.८ मीटर रुंदी मावते. आडवा चाललेला मोठा नर वाघ शेपटी सोडूनही साधारण दोन मीटरचा, म्हणजे तो या फ्रेममध्ये मावतच नाही. तोच वाघ रस्त्याने चालत १५ मीटरवर आला, की उरतात फक्त ९० सेंटिमीटर: चेहरा आणि खांदा. पोर्ट्रेट सुरेख येईल, पण तो ज्या रानात उभा आहे ते रान फोटोत नसेल. आणि सफारीचे जे फोटो मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात, त्यांत रान असतंच.

१००-५०० आणि २००-६००

बहुतेकांची खरी निवड या दोन प्रकारांत असते. एका बाजूला कॅननची आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१ (एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), वजन कॉलरशिवाय, म्हणजे ट्रायपॉडला जोडायच्या कडीशिवाय, सुमारे १.४ किलो. दुसऱ्या बाजूला सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६००, दोन्ही एफ/५.६-६.३, दोन्ही कॉलरसकट दोन किलोंच्या थोड्या वर. सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स अधेमध्ये बसते.

लांबच्या टोकाला फरक किती? ५० मीटरवर ५०० मध्ये ३.६ मीटर मावतात, ६०० मध्ये ३ मीटर. ५०० चा फोटो क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, ६०० एवढा केला, तर ४५ मेगापिक्सेलचे साधारण ३१ उरतात, आणि त्यावर उत्तम मोठी प्रिंट निघते. आता जवळचं टोक बघा. हत्ती २० मीटरवर आहे. २०० मिलिमीटरवर ३.६ मीटर मावतात, म्हणजे पूर्ण वाढलेला हत्ती आडवा असेल तर तुकड्यातच येणार. १०० वर ७.२ मीटर मावतात, आख्खा हत्ती येतो आणि शेजारचं पिल्लूही. लांबचं थोडं कमी पडलं तर नंतर क्रॉप करता येतं. जवळचं जे फ्रेमबाहेर राहिलं ते परत आणता येत नाही.

म्हणून एकच लेन्स न्यायची असेल तर मी १००-५०० च्या बाजूने. सोनी किंवा निकॉनवाल्यांना १००-४०० हा पर्याय आहे. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेरा बॉडीवर तीच १५०-६०० सारखी चालते, आणि अशी बॉडी असेल तर फार शोधाशोध करूच नये.

दोन बॉडी नेणार असाल तर मात्र माझं उत्तर बदलतं. एकीवर ७०-२०० आणि दुसरीवर २००-६००, यासारखी सोय नाही. धुळीत उघड्या गाडीत लेन्स बदलायची वेळ येत नाही, हा फायदा वेगळाच. शिवाय सोनी-निकॉनच्या या लेन्स झूम करताना लांब होत नाहीत. बीन बॅगवर (गाडीच्या कडेवर ठेवायची दाणे भरलेली पिशवी) टेकवलेली लेन्स झूम फिरवली तरी तोल सोडत नाही, आणि जनावर अचानक पळायला लागतं तेव्हा हे फार कामाला येतं. १००-५०० ची नळी पुढे सरकते. बीन बॅगवर ती थोडी सांभाळावी लागते.

मग मोठे प्राइम कशाला?

उजेडासाठी. ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४ या लेन्स तीन किलोंच्या आसपासच्या. समजा संध्याकाळी झाडाच्या सावलीत बिबट्या बसलाय आणि तुम्ही शटर स्पीड पक्का धरलाय. एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पुरत असेल, तर एफ/४ ला ३२००, एफ/६.३ ला ८००० आणि एफ/७.१ ला १०,००० लागेल. बिबट्या स्थिर असेल तर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन मदतीला येतं, शटर १/२०० पर्यंत उतरवता येतो. तो उठून पळाला की ती मदत संपते, कारण स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, बिबट्याची धाव नाही.

तरीही पहिल्या-दुसऱ्या सफारीला मी प्राइम सुचवणार नाही. आयएसओ ८००० चा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, आजचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी साफ करतं. गवताची काडी न् काडी विरघळून मागे नुसता रंग उरणं, हे मात्र एफ/२.८ सारखं झूममधून मिळत नाही. तेच हवं असेल तर सफारीपुरती लेन्स भाड्याने घ्या आणि सोबत १००-४०० लावलेली दुसरी बॉडी ठेवाच. छोट्या विमानाने जायचं असेल तर सामानाची मर्यादा आधी बघा. अनेक ठिकाणी सगळं मिळून १५ ते २० किलोच नेता येतं.

निकॉनची ६०० एफ/६.३ पीएफ हलकी आहे, दीड किलोच्या आत. पण उजेड झूमइतकाच देते. पायी सफारीत हे वजन वाचणं मोलाचं. गाडीत बीन बॅग असताना मी १८०-६०० घेईन.

टेलिकन्व्हर्टरवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून पल्ला वाढवणाऱ्या जोडावर, भिस्त ठेवू नका. १.४x ने एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, २x ने दोन. कॅननच्या १००-५०० वर तर तो लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, म्हणजे ज्यासाठी ती लेन्स घेतली तेच जातं. आणि ऊन चढल्यावर दूरची हरणं धूसर आली तर दोष तापलेल्या हवेचा असतो. तिथे ८०० लावून धूसर हरीण फक्त मोठं दिसतं.

पक्षीच टिपायचे असतील तर हा सगळा हिशेब उलटतो. तिथे कॅननची २००-८०० किंवा सोनीची ४००-८०० बघा. फक्त किमान फोकस अंतर तपासून घ्या: कॅननची स्वस्तातली ८०० एफ/११ सहा मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि वेडा राघू कधी कधी गाडीपासून तीन मीटरवरच्या काटकीवर येऊन बसतो.