थॉम्पसन की स्टेन? संग्रहातली पहिली सबमशीनगन निवडताना

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले, दुसऱ्या महायुद्धाचं वेड असलेले मराठी लोक भेटले की हा प्रश्न हमखास निघतो. संग्रहासाठी एकच सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी हातातली बंदूक घ्यायची, तर अमेरिकन थॉम्पसन घ्यावी की ब्रिटिश स्टेन? माझं उत्तर थॉम्पसन. पण स्टेन घेणाऱ्याला मी चुकलास म्हणणार नाही, आणि काही जणांना तर स्टेनच घ्या म्हणेन.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शस्त्र कायदा, १९५९ नुसार स्वयंचलित बंदूक प्रतिबंधित शस्त्रांत मोडते, त्यामुळे ती हौसेखातर घरी बाळगण्याचा विषयच नाही. खालचं सगळं परदेशात, तिथल्या कायद्याच्या चौकटीत संग्रह करणाऱ्यांसाठी आहे.

इंग्लंडमध्ये एका मित्राच्या जेवणाच्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरून आम्ही दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. अर्थात कायमच्या निकामी केलेल्या, प्रमाणपत्रासह. थॉम्पसन उचलली की आधी जाणवतं ते वजन. तिचं एम १९२८ए१ हे मॉडेल रिकामंच ४.९ किलोच्या आसपास भरतं. अक्रोडाचा जाड दस्ता, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला रिसीव्हर (यंत्रणा सामावणारा मधला भाग), आणि हात फिरवला तर कुठे धार लागत नाही. स्टेन मार्क २ भरते ३.२ किलो. तिचा दस्ता म्हणजे पोलादी नळी आणि पट्टी. वेल्डिंगचे ओघळ तसेच राहिलेले, कडा बोटाला टोचणाऱ्या. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची डबी, डाव्या बाजूला आडवं बसतं, त्यामुळे ती टेबलावर नीट टेकतसुद्धा नाही.

हे वजन रणांगणावर काय करतं, हे नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात आहे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमी गनने, म्हणजे थॉम्पसननेच, एकाला टिपलं. मग मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून ठार केलं. पुढे शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय २२. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. पाच किलोची, लाकडी दस्त्याची ती बंदूक हातात धरून हे मानपत्र आठवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या थॉम्पसनच्या पारड्यात सगळ्यात जड पडतं ते हेच.

पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीच्या काठावर पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी मशीनगनचं एक ठाणं मोडलं. त्यात हाताला जखम होऊन गोळीबार करता येईना, म्हणून त्यांनी बंदूक फेकून दिली आणि आणखी दोन ठाणी ग्रेनेडने संपवली. या पलटणी ज्या ब्रिटिश आठव्या आर्मीत लढल्या, तिच्यात इटलीत थॉम्पसन अखेरपर्यंत टिकली. वायव्य युरोपात लढलेल्या बहुतेक ब्रिटिश तुकड्यांची बंदूक मात्र स्टेन. म्हणजे मराठा पलटणींच्या इटलीतल्या लढाईची आठवण म्हणून एकच वस्तू ठेवायची असेल, तर निवड आपोआप झाली.

थॉम्पसनचा जन्म पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी झाला. जनरल जॉन थॉम्पसन यांनी १९१६ मध्ये ऑटो-ऑर्डनन्स कंपनी काढली, पण बंदूक तयार होईपर्यंत युद्धच संपलं. मग कोल्ट कंपनीकडून १५,००० नग बनवून घेतले, आणि ते खपायला पुढची जवळजवळ दोन दशकं गेली. किंमत होती २०० डॉलर, तेव्हाच्या मानाने अवाच्या सवा. शिकागोच्या टोळ्यांनी तिला बदनाम केलं. १४ फेब्रुवारी १९२९ च्या हत्याकांडात वापरलेल्या दोन थॉम्पसन आजही मिशिगनमध्ये बेरियन काउंटीच्या शेरीफ खात्याकडे आहेत. महायुद्ध पेटलं तशी मागणी वाढली आणि बंदूक सोपी होत गेली. १९३९ मध्ये २०९ डॉलरला पडणारी थॉम्पसन १९४४ मध्ये एम१ए१ रूपात ४५ डॉलरवर आली. महायुद्धासाठी सुमारे १५ लाख बनल्या.

स्टेनची गोष्ट नडीची आहे. १९४० मध्ये डंकर्कहून परतताना ब्रिटिशांची शस्त्रं फ्रान्समध्येच राहिली, आणि अमेरिकेकडून थॉम्पसन घेत राहणं परवडणारं नव्हतं. शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी १९४१ मध्ये जी बंदूक आखली, तिचं नाव त्यांच्या आद्याक्षरांना एनफिल्ड या शस्त्र कारखान्याची पहिली दोन इंग्रजी अक्षरं जोडून झालं. खर्च अडीच पौंडांच्या आसपास. लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने मार्क ३ तयार केली, यावरून काय ते समजा. सगळे प्रकार धरून स्टेन ४० लाखांच्या घरात गेल्या. हे नाव आपल्याकडे इतकं रुजलं, की पोलिसांच्या हातातल्या कानपूरच्या कार्बाइनलाही लोक सर्रास स्टेनगनच म्हणतात. ती खरं तर स्टेनची वारसदार असलेल्या स्टर्लिंगची आवृत्ती.

स्टेनचं दुखणं मॅगझीनमध्ये. दोन रांगांतल्या गोळ्या तोंडाशी एका रांगेत येतात आणि तिथेच अडकतात, म्हणून जाणते सैनिक ३२ च्या जागी २८-३० च भरत. मॅगझीन मुठीसारखं पकडलं की ते हलतं आणि अडकण्याची शक्यता आणखी वाढते. २७ मे १९४२ ला प्रागमध्ये नाझींचा बडा अधिकारी हायड्रिख याला मारायला गेलेल्या गाब्चिकची स्टेन उडालीच नाही. सोबतच्या कुबिशने बॉम्ब टाकला म्हणून काम झालं. तरीही नळी सुटी करून पिशवीत मावणारी ही बंदूक व्याप्त युरोपातल्या भूमिगतांना दुसरी कुठली मिळाली असती? भूमिगत चळवळी, कारखान्यांचं उत्पादन हे तुमचे विषय असतील, तर थॉम्पसनवर पैसे घालू नका. स्टेन घ्या.

आता खरेदीचं. अमेरिकेत १९ मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन खासगी माणसाला घेता येत नाही, त्यामुळे बाजारातला साठा गोठलेला आहे. प्रत्येक हस्तांतराला संघराज्य सरकारची मंजुरी आणि २०० डॉलर कर लागतो, शिवाय राज्याचा कायदा वेगळा. स्टेन तिथे थॉम्पसनपेक्षा कितीतरी स्वस्त, पण त्यातल्या बऱ्याच १९८६ पूर्वी नव्या बनवलेल्या रिसीव्हरच्या नळ्यांवर नोंदवलेल्या आहेत. चालवायला ठीक, इतिहास म्हणून कमी मोलाच्या. थॉम्पसनमध्ये कोल्ट १९२१ सगळ्यात महाग, मग एम १९२८ए१, मग एम१ए१. १९७५ नंतर अमेरिकेत वेस्ट हर्लीला बनलेल्या बंदुका युद्धातल्या नव्हेत, हे विक्रेत्याने सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. ब्रिटनमध्ये निकामी केलेली बंदूक मिळते, पण प्रमाणपत्र आजच्या नियमांत बसतं का ते पैसे देण्याआधी तपासा.

नंबर नीट वाचा. एम १९२८ए१ वर नंबरापुढे एस असेल तर ती सॅव्हेज कंपनीची, एओ असेल तर ऑटो-ऑर्डनन्सच्या ब्रिजपोर्ट कारखान्याची. नेव्ही मॉडेलवर १९२१ मधल्या शेवटच्या १ वर ८ ठोकलेला असतो. भिंगाखाली खालचा १ दिसतो, आणि तो दिसला की मन हरखतं.

ड्रमच्या, म्हणजे गोल मॅगझीनच्या मोहात मात्र पडू नका. मी एकदा युद्धकाळातला म्हणून ५० गोळ्यांचा ड्रम घेतला आणि घरी आणून उघडल्यावर कळलं, नवी नक्कल. विक्रेत्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. खुद्द ब्रिटिश सैन्यालाही ड्रम नकोसा होता, जड आणि चालताना खडखडणारा. एम१ आणि एम१ए१ ला तर तो बसतही नाही. त्या पैशांत २० गोळ्यांची दोन अस्सल मॅगझीन आणि त्यांची कॅनव्हासची पिशवी घ्या. यशवंत घाडगे यांना बदलायला वेळ मिळाला नाही, ते असंच सरळ मॅगझीन.