पन्नास हजारांच्या आतला ५५ इंची टीव्ही : तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही घरातला जुना ३२ इंची टीव्ही काढून ५५ इंची फोरके एलईडी टीव्ही घेतला. त्यानंतर हिवाळा, नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू तो रोज वापरून झाला आहे, म्हणून आता लिहितो. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी देत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलते आणि एकाच मालिकेतल्या ४३, ५५ आणि ६५ इंची टीव्हींमध्ये पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदा, पुष्कळदा वेगवेगळ्या प्रकारचे असते. माझ्या ५५ इंचीबद्दल लिहिलेले त्याच नावाच्या ६५ इंचीला लागू पडेलच असे नाही. निवडीमागची कारणे मात्र कोणालाही उपयोगी पडतील. वापरानंतर माझे मत असे झाले आहे की पैसे मर्यादित असतील, तर खोक्यावर छापलेली वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवावी आणि आपल्या खोलीत उजेड कुठून येतो, माणसे कुठे बसतात आणि घरात रोज खरोखर काय पाहिले जाते, याचाच आधी विचार करावा.

आमचा सोफा टीव्हीच्या भिंतीपासून साधारण नऊ फुटांवर आहे. टीव्हीच्या कर्णाच्या दीड ते पावणेदोन पट अंतरावरून पाहणे सोयीचे, असा एक सर्वमान्य हिशेब आहे. ५५ इंची टीव्हीचा कर्ण सुमारे १४० सेंटिमीटर असतो, म्हणजे अंतर सात ते आठ फूट येते. ६५ इंचीला ते आठ ते साडेनऊ फूट येते. या हिशेबाने आमच्या खोलीला ६५ इंचीच योग्य ठरला असता. तरीही आम्ही ५५ इंचीवर थांबलो. एक तर त्या किमतीत मिळणारे ६५ इंची टीव्ही उजेडात आणि रंगांत स्पष्टपणे उणे वाटले, आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे आईच्या वाहिन्या.

हा मुद्दा दुकानात कोणीच काढत नाही, म्हणून तो सविस्तर लिहितो. आपल्या डीटीएच किंवा केबलवरील एसडी, म्हणजे साध्या स्पष्टतेच्या, वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे एकूण सव्वाचार लाखांच्याही आत. फोरके पडद्यावर मात्र ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. आलेल्या प्रत्येक बिंदूमागे टीव्हीला वीस बिंदू भरावे लागतात आणि ते अंदाजानेच भरले जातात. त्यामुळे मालिकेतल्या पात्राचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो, साडीच्या काठावरची नक्षी विरघळून एकच पट्टा उरतो आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीतली जोडाक्षरे कडेने फुटलेली दिसतात. पडदा जितका मोठा, तितके हे अधिक डोळ्यांत खुपते. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्या एचडीमध्येही उपलब्ध आहेत. आम्ही पॅक बदलून त्या घेतल्या आणि फरक इतका होता की आईने पहिल्याच संध्याकाळी विचारले, "हा नवा टीव्ही कालपासून असा का दिसत नव्हता?" एचडीचे चित्र चौपटच ताणावे लागते, म्हणून ते टिकते. ज्या घरात मुख्यतः एसडी वाहिन्या आणि बातम्या पाहिल्या जातात आणि पॅक बदलायचा नाही, त्या घराने ४३ इंचीचाच विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन. सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुटही एकदा तपासावे. आमचा बॉक्स ७२० वर लावलेला होता; तो १०८०आय वर नेल्यावर क्रिकेटमधील धावफलकाची पट्टी स्थिर आणि स्वच्छ दिसू लागली.

पॅनेलची निवड हा दुसरा मोठा विषय. एलईडी टीव्ही काय आणि क्यूएलईडी काय, दोन्ही मुळात एलसीडीच असतात; क्यूएलईडीमध्ये रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर वाढवलेला असतो, एवढेच. खरा फरक व्हीए आणि आयपीएस या दोन प्रकारांत आहे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिकट पडते. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, परंतु अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी भासतो. जाणकार बहुधा व्हीएची शिफारस करतात, आणि रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्या दोघांसाठी ती योग्यच आहे. आमच्याकडे आईचा दिवाण टीव्हीच्या बाजूला, खिडकीलगत आहे आणि पाहुणे आले की अर्धी माणसे कोनातूनच पाहतात, म्हणून आम्ही आयपीएस घेतला. सीताबर्डीच्या दुकानात हे पारखण्यासाठी मी विक्रेत्याला जाहिरातीची चित्रफीत बंद करायला लावली, चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड'वर आणायला सांगितला आणि बाजूला सरकत जाऊन पाहिले. तो म्हणाला, "भाऊ, असं कोनी पाहत नाही." पण आमच्या घरी तसेच पाहतात. ज्या पडद्यावर माणसांच्या कातडीचा रंग बाजूने पांढुरका पडला, तो तिथेच बाद केला.

खरी परीक्षा ६ फेब्रुवारी २०२५ रोजी झाली. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना होता आणि तो दुपारी दीड वाजता सुरू झाला. आमची बैठकीची खोली पश्चिमेकडे उघडते. तीननंतर ऊन थेट आत येते. इंग्लंडचा डाव २४८ धावांत आटोपेपर्यंत खिडकीचे प्रतिबिंब पडद्याच्या उजव्या तिसऱ्या भागात होते आणि तिकडे उंच उडालेला चेंडू दिसेनासा होत होता. संध्याकाळी शुभमन गिलच्या ८७ धावांच्या खेळीच्या वेळी तोच पडदा उत्तम वाटत होता. या किमतीतील बहुतेक टीव्हींचा उजेड ३०० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजायचे माप) आसपास असतो आणि तो आपल्या दुपारच्या उन्हाशी झुंजू शकत नाही. दुसऱ्या दिवशी जाड पडदे लावले आणि प्रश्न बराचसा मिटला. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्रांच्या खुणा, यांच्याबाबतही हेच कारण आड येते. तसे चित्रपट अनेकदा १००० निट्सच्या हिशेबाने तयार केलेले असतात. टीव्ही ते दाबून आपल्या मर्यादेत बसवतो, आणि दिवसा तर साध्या चित्रापेक्षाही ते अंधारे दिसते. या खुणेसाठी अधिक पैसे मोजू नयेत.

एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला आणि कूलर दिवसरात्र सुरू राहिला. टीव्ही लावायला आमच्याकडे दोन भिंती होत्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर कूलरचा ओला झोत थेट पडला असता, म्हणून ती आम्ही सोडली. ओलसर हवेसोबत धूळ मागच्या जाळीत शिरते आणि तिथेच चिकटून बसते. टीव्हीच्या आतल्या सर्किटला हे दोन्ही घातक आहे. हा निर्णय घेतल्याचे मला आजही समाधान आहे. कूलरमुळे आणखी एक अडचण मात्र आली, ती आवाजाची. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीचे स्पीकर खालच्या दिशेने असतात आणि कूलरच्या घरघरीत संवाद ऐकूच येत नाहीत. आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत कर्कश होते. शेवटी एक लहान साउंडबार घेतला आणि तो एचडीएमआयच्या एआरसी खोबणीत, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या खोबणीत, जोडला. त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि आईला दुसरा रिमोट शिकावा लागला नाही.

दुकानात स्टॅबिलायझर घेण्याचा फार आग्रह झाला. टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर साधे चढउतार तो स्वतःच सांभाळतो. आम्ही त्या पैशांत वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले आणि चांगला स्पाइक गार्ड बसवला. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग आणि डीटीएचच्या छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवतो. विजेचा खर्च भीती वाटावी असा नाही: ११० वॅटचा टीव्ही रोज पाच तास चालला तरी महिन्याला साडेसोळा युनिट होतात.

सॉफ्टवेअर ही या टीव्हीची सर्वांत कमकुवत बाजू आहे. दोन जीबी रॅममुळे अलीकडे ॲप उघडायला वेळ लागतो. नको असलेले ॲप काढून टाकल्यावर वेग थोडा सुधारला. अगदीच मंदावला तर स्वतंत्र स्ट्रीमिंग स्टिक लावता येईल, म्हणून केवळ यासाठी महाग टीव्ही घेण्याची गरज मला वाटत नाही.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने मोफत म्हटलेल्या स्टँडचे वेगळे पैसे मागितले. बिलावर तो स्टँड समाविष्ट असल्याचे दाखवल्यावर त्याने ते सोडले. त्याच्यासमोरच पांढरा, लाल आणि काळा असे सपाट रंग लावून पडदा तपासावा, कारण नंतर पडलेली चीर वॉरंटीत येत नाही. तक्रार अडलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आम्ही २८ टक्के जीएसटीसह सुमारे ४५ हजार रुपये मोजले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर हाच टीव्ही साडेएकेचाळीस हजारांच्या आसपास पडायला हवा. वाचलेले साडेतीन हजार रुपये मोठ्या आकारात घालण्याऐवजी आधी साउंडबारला द्यावेत, आणि खोली पश्चिमेची असेल तर जाड पडद्यांनाही.