नवलाईचे शब्द की नात्यातले? ‘आठवड्याचा परदेशी शब्द’ निवडण्याआधी

मराठी ऑनलाइन शब्दकोशाच्या पहिल्या पानावर दर आठवड्याला एक परदेशी शब्द द्यायचा, असं ठरलं की निवडणाऱ्यापुढे दोन ढीग तयार होतात. एका ढिगात अर्थ ऐकताच माणूस चकित होईल असे शब्द: ‘याला आपल्याकडे शब्दच नाही’ या ओळीसकट फिरणारे. दुसऱ्या ढिगात ज्यांचे सगेसोयरे मराठीत आधीच नांदताहेत असे. पहिल्यांना मी नवलाईचे शब्द म्हणतो आणि दुसऱ्यांना नात्यातले. दोन्ही प्रकारचे शब्द मी निवडत आलो आहे. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर माझा कल कुठे आहे हे पुढे दिसेलच. पण पहिल्या ढिगावर अन्याय व्हायला नको.

नवलाईच्या शब्दांची बाजू खरोखर भक्कम आहे. जपानी ‘त्सुन्दोकु’ घ्या. पुस्तकं विकत आणायची आणि न वाचता रचून ठेवायची, त्याला हा शब्द. ‘त्सुन्दे ओकु’ म्हणजे रचून ठेवणं. त्यातल्या ‘ओकु’च्या जागी वाचनाचं चिन्ह, म्हणजे ‘दोकु’, बसवून जपानच्या मेइजी काळात (१८६८–१९१२) ही कोटी जमली. अर्थ, घडण आणि गंमत तीन ओळींत सांगून होते. वाचक तो शब्द लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, ज्यांनी कधी शब्दकोश उघडला नव्हता ते त्या निमित्ताने उघडतात. ही काही लहान गोष्ट नाही. शिवाय मराठी माणसाला हा उच्चार सहज जमतो, कारण ‘चूक’ म्हणताना आपण जो च उच्चारतो तोच हा ‘त्सु’. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी जीभ वळवावी लागते.

सगळ्याच नवलाईच्या शब्दांचं उच्चाराचं गणित इतकं सरळ नसतं. डॅनिश ‘हुग’ हा घरगुती ऊबदारपणाचा शब्द २०१६ साली ऑक्सफर्डच्या ‘वर्षाचा शब्द’च्या अंतिम यादीपर्यंत पोचला आणि जगभर झाला. मराठीत तो हुग, ह्यूग, हिगे असा वाटेल तसा लिहिला जातो. मूळ स्वर ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यासारखा आहे आणि देवनागरीत त्याला अक्षर नाही. पण ध्वनिफीत जोडली की हा प्रश्न मिटतो, त्यामुळे मी तो फार मनावर घेत नाही.

‘आपल्याकडे शब्द नाही’ या दाव्याचं मात्र जरा जपून. जपानी ‘कोमोरेबी’ म्हणजे झाडाच्या पानांतून झिरपणारं ऊन. शब्द सुंदर आहे आणि जपानी लोक तो साधेपणाने वापरतात. त्याखाली तुम्ही ‘मराठीत प्रतिशब्द नाही’ असं लिहिलंत, तर कोणीतरी ‘कवडसा’ कळवणारच, आणि त्याचं बरोबरही असेल. कवडसा कौलाच्या फटीतून पडतो, खिडकीतून पडतो, फांद्यांतूनही पडतो; अर्थाची सीमा थोडी वेगळी आहे, एवढंच. पोर्तुगीज ‘साउदाद’ आणि आपली ‘हुरहूर’ यांचंही तसंच. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा शेजारी मराठी शब्द ठेवून सीमा कुठे बदलते ते दाखवलं, तर नोंद दुप्पट वाचनीय होते.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय केला तिच्याकडे येतो: उदाहरणवाक्य.

कोणत्याही चांगल्या नोंदीत शब्द वापरलेलं एक खरं वाक्य लागतं. बाजारात, पत्रात, बातमीत, कथेत, कुठेही कोणीतरी स्वतःच्या कामासाठी तो शब्द उच्चारलेला हवा. इंग्रजी विक्शनरी या मुक्त ऑनलाइन कोशातही रोजचा परदेशी शब्द सुचवताना नोंदीत उच्चार आणि वापराचा किंवा संदर्भाचा पुरावा आहे ना, हे पाहिलं जातं. नवलाईच्या शब्दांसाठी असं वाक्य शोधायला बसा म्हणजे कळेल. पानामागून पानं उलटतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच: ‘अमुक भाषेत तमुक भावनेसाठी असा असा शब्द आहे.’ हे त्या शब्दाविषयीचं वाक्य झालं. त्यात शब्द काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, कोणी तो वापरत नसतं. एक यादी दुसरीवरून उतरवलेली, दुसरी तिसरीवरून, आणि अर्थ दरवेळी थोडा अधिक हळवा होत गेलेला. रात्री उशिरापर्यंत अशा याद्या चाळून शेवटी हाती एकही बोललेलं वाक्य लागू नये, याचा मला फार त्रास होतो. शब्दकोशाचं काम ज्याने मनापासून केलंय त्याला तो होईलच असं वाटतं.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘मामिह्लापिनातापाई’. दोघं एकमेकांकडे बघताहेत, दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, पण समोरच्याने सुरुवात करावी म्हणून दोघंही थांबलेत, अशी नजर. गिनीज बुकाने ‘सर्वांत थोडक्यात सर्वांत जास्त सांगणारा’ म्हणून त्याची नोंद केली आणि तो प्रत्येक यादीत जाऊन बसला. तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएर्रा देल फुएगो भागातल्या यागान भाषेतला. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या अखेरच्या क्रिस्तिना काल्देरोन फेब्रुवारी २०२२मध्ये वारल्या. एकोणिसाव्या शतकात थॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने याच भाषेचे ३०,०००हून अधिक शब्द कोशात गोळा केले होते. तेवढ्या भांडारातला जगाला ठाऊक असलेला शब्द कोणता, तर हा एक. आणि तोही कोणाच्या तोंडच्या वाक्यात मिळत नाही. होड्या, मासे, पाऊस, नाती यांचे त्या लोकांचे शब्द कोणी विचारत नाही. एखाद्या भाषेची अशी एका नजरेपुरती ओळख करून देणं मला तरी पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर निदान त्या कोशाचा आणि काल्देरोनबाईंचा उल्लेख नोंदीत जरूर करा.

त्सुन्दोकु या कसोटीला उतरतो, साउदादही उतरतो. म्हणजे नवलाई हा दोष नव्हे. पण त्या ढिगातला बराचसा भाग वाक्य मागितलं की गप्प होतो, हा माझा अनुभव.

नात्यातल्या शब्दांकडे वळलं की चित्र पालटतं. स्वाहिलीत एक अगदी साधं वाक्य आहे: ‘गारी लिमेहारिबिका.’ केनियात, टांझानियात रस्त्याच्या कडेला कोणीही म्हणेल असं. ‘गारी’ ही आपल्याकडचीच गाडी, समुद्र ओलांडून गेलेली. स्वाहिलीत नामांचे आपल्या लिंगांसारखे वर्ग असतात; ‘लि’ ही गाडी ज्या वर्गात मोडते त्याची खूण, ‘मे’ ही क्रिया पूर्ण झाल्याची खूण आणि ‘हारिबिका’ म्हणजे बिघडणं. त्या ‘हारिबिका’चं मूळ अरबी, ज्या मुळातून आपला ‘खराब’ आला तेच. आपल्याकडे तो फारसीच्या हाताने पोचला, तिकडे अरब व्यापाऱ्यांबरोबर. आता वाक्य पुन्हा वाचा: गाडी खराब झाली! स्वाहिलीचं अक्षरही न शिकलेल्या मराठी वाचकाला त्या वाक्याचे दोन्ही मोठे तुकडे ओळखीचे निघतात. उच्चारासाठी एवढंच सांगायचं की आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्या. बाकी देवनागरी पुरून उरते.

अशा शब्दांना वाक्य शोधत बसावं लागत नाही, वाक्यंच चालून येतात. स्वाहिलीत दुकान ते ‘दुका’, हिशेब ते ‘हेसाबु’, तारीख ती ‘तारेहे’, विमा तो ‘बिमा’. आणि ‘तमाशा’ तर ऐकाच: तिथे ‘तामाशा’ म्हणजे उत्सव, मोठा जाहीर कार्यक्रम. मूळ अरबी शब्दात एकत्र चालण्याचा भाव आहे, फारसीत त्याचं पाहणं झालं, तुर्कीत ‘तेमाशा’ हा नाटकाकडे झुकला, महाराष्ट्रात ढोलकी-तुणतुण्यासह लोकनाट्य म्हणून उभा राहिला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उत्सवाचं नाव झाला. ही नोंद लिहिताना शाहिरांच्या फडापासून झांझिबारपर्यंतचा प्रवास एका परिच्छेदात करता येतो आणि त्यातला प्रत्येक थांबा आजही कोणाच्या तरी बोलण्यात जिवंत आहे.

पोर्तुगीज घ्यायची तर बटाटा, पाव, पगार एवढ्यावर थांबू नका. ते सगळ्यांना पाठ आहेत. ‘त्रोंकु’ घ्या. पोर्तुगीजमध्ये त्याचा मूळ अर्थ झाडाचं खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी ठोकळा, आणि त्यावरून कैदखाना. तोच मराठीत ‘तुरुंग’ झाला. मलायमध्ये ‘तेरुंकु’, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत ‘ट्रॉन्क’. तिन्हींचा अर्थ कैदखाना. पोर्तुगीज गलबतं जिथे जिथे लागली तिथे तिथे हा शब्द उतरला. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे आधीच चालून ठेवली होती: खोड, आणि त्यावरून पाय अडकवण्याचा ‘खोडा’. आजही कामात कोणी खोडा घातला की आपण त्याच लाकडाचं नाव घेतो.

घमेलं पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलं, तिथे ते लाकडी पात्र, इथे बांधकामावरचं लोखंडी. दाराची बिजागरी ‘बिझाग्रा’वरून. लिलाव ‘लैलाँव’वरून, आणि इंडोनेशियात तोच ‘लेलांग’. याच्या तपासासाठी साधनं आहेत, हा नात्यातल्या शब्दांचा आणखी एक फायदा. गोव्यातल्या आसगावात जन्मलेल्या सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ १९१३ साली काढला आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६मध्ये बडोद्याहून निघाला. फारसीसाठी माधव जूलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश आहे, एकूण व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि तीत शब्दासमोर मूळ भाषेचं आद्याक्षर दिलेलं असतं. तपासायला बसलं की पायाखाली जमीन लागते.

या ढिगालाही काटे आहेत. पहिला, मुळांवरचे वाद. ‘साबण’ अरबी ‘साबून’वरून की पोर्तुगीज ‘साबाँव’वरून, ‘मेज’ फारसी की पोर्तुगीज, यावर ठाम बोलू नये. दोन्ही शक्यता लिहाव्यात. दुसरा, खोटी नाती. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थही जुळतो, उच्चारही जुळतो आणि नातं मात्र काहीच नाही. तो निव्वळ योगायोग. वाचक अशा जोड्या फार प्रेमाने पाठवतात. त्यांना नाही म्हणताना कारण सविस्तर सांगितलं की तेच पुढे चांगल्या जोड्याही पाठवू लागतात.

तिसरा काटा जरा नाजूक. काही वाचकांना परक्या शब्दांना पहिलं पान देणंच रुचत नाही. ती भूमिका जुनी आणि आदरणीय आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते राज्याची गरज म्हणूनच. पण पहिल्या पानावर शब्द देणं म्हणजे तो वापरा असं सांगणं नव्हे. आणि परदेशी शब्द निवडताना परदेशात गेलेला मराठी शब्दही निवडता येतो, हे दाखवलं की या वाचकांचा रागही निवळतो. फ्रेंच ‘मांगूस्त’, इंग्रजी ‘माँगूस’ यांचं मूळ कोशकार पोर्तुगीजमार्गे मराठी ‘मुंगूस’पर्यंत नेतात. आपला एक प्राणी पॅरिसच्या कोशात जाऊन बसलाय, हे वाचताना सगळ्यांचाच चेहरा खुलतो.

एक मान्य करतो: नात्यातला शब्द पहिल्या दिवशी त्सुन्दोकुइतका फिरत नाही. वाचकांची संख्या हाच तुमचा पहिला उद्देश असेल, तर अधूनमधून एखादा नवलाईचा शब्द ठेवणंच शहाणपणाचं. फक्त त्याचं खरं वाक्य आधी मिळवा आणि मगच तारीख ठरवा. पण नवलाईच्या शब्दाला लोक दाद देऊन पुढे जातात. नात्यातल्या शब्दानंतर मात्र ते परत येतात आणि विचारतात, की आमच्या आजोळी अमुक म्हणतात, तेही तिकडूनच आलंय का? रत्नागिरीकडचा, वसईकडचा, मराठवाड्यातला एखादा कोशात नसलेला शब्द असाच हाती लागतो. माझ्यापुरता तरी हा पारडं झुकवणारा फरक आहे.

सुरुवात करत असाल तर पहिल्या महिन्यात ‘तामाशा’, ‘ट्रॉन्क’, ‘लेलांग’ आणि ‘मांगूस्त’ याच क्रमाने घ्या. तामाशाने वाचक सैलावतो, ट्रॉन्कला थोडं जास्त स्पष्टीकरण लागतं म्हणून तो दुसरा, आणि मुंगूस शेवटी, म्हणजे ‘आमचे कोणते शब्द बाहेर गेले?’ ही विचारणा आली की पुढच्या महिन्याचं काम सुरू. पोर्तुगीज ‘नाताल’ डिसेंबरसाठी राखून ठेवा.